शिंकेचा चहा

आमच्या घरात शिंकेला देवाच्या खालोखाल मान होता. कुणी बाहेर पडायला आणि घरातलं कुणी शिंकायला एक गाठ पडली, की जाणाऱ्यानं वहाणा काढायच्या, माघारी फिरायचं, बूड टेकायचं, घोटभर काहीतरी प्यायचं आणि मगच पुन्हा निघायचं. ही रीत कुणी घातली ठाऊक नाही, पण आमच्या आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती पाण्यावरून चहावर आणली होती एवढं नक्की. पाण्यानं अपशकुन नुसता भिजतो, चहानं तो धुऊन निघतो, असं ते गंभीर तोंडानं सांगायचे. आई चहाच्या बाबतीत कडक. सकाळी एकदा आणि दुपारी जनावरं पाणी पिऊन आली की एकदा. तिसऱ्यांदा मागितला, की "गुळाची ढेप काय धरणातनं निघती का?" असं विचारायची. त्यामुळं शिंक म्हणजे आबांना वरचा चहा. पण आमचं घर मेलं इतकं धडधाकट, की सहा-सहा महिन्यांत कुणी शिंकायचं नाही. आबा उंबऱ्यात वहाणा घालताना उगाच रेंगाळायचे, आशेनं आमच्या तोंडाकडं बघायचे आणि मग निराश होऊन पौडच्या वाटेला लागायचे.

मग दादाचं लग्न झालं आणि कासारसाईहून इंदूवहिनी घरात आली. पहिल्याच सकाळी आबा बांधाच्या तक्रारीसाठी पौडच्या कचेरीत निघाले होते. त्यांनी उंबरा ओलांडला आणि आतून शिंक आली. आबा वळले, बसले, चहा झाला. पुन्हा निघाले, पुन्हा शिंक. त्या दिवशी चार चहा झाले आणि कचेरी बंद व्हायची वेळ झाली. "सून लक्षुमी हाय," आबा मिशा पुसत म्हणाले. आईनं चुलीतलं लाकूड असं काही मागं ओढलं, की आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं.

मी तेव्हा पंधरा वर्षांची. नववीत दुसऱ्यांदा बसलेली, दोन वेण्या, त्यांना लाल रिबिनी आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं असा चेहरा. आज ती पोरगी मला रस्त्यात भेटली, तर मी आधी तिच्या रिबिनी ओढीन आणि मग नाव विचारीन. वहिनी मला फार आवडायची, त्यामागं माझा स्वार्थ होता हे आता सांगायला हरकत नाही. तिला सायकल येत होती. कासारसाईला ती बापाची सायकल घेऊन दुधाची किटली घालायला जायची. लुगडं गुडघ्याला खोचून, पेडलवर एक पाय टाकून ती कशी निघायची ते तिनं मला परसात करून दाखवलं होतं, आणि शिमगा झाला की मला शिकवीन असं कबूल केलं होतं. शिवाय ती आल्यापासून भांडी माझ्याकडून तिच्याकडं गेली होती. अशी वहिनी कोण हातची जाऊ देईल?

आमचं घर कौलारू, पुढं पडवी, मधे माजघर, मागं चूल आणि एका बाजूला गोठा. माजघरावर लाकडी माळा आणि त्या माळ्यावर भाताचा पेंढा आढ्याला टेकेपर्यंत रचलेला. भात झोडून झालं, की घरात महिनाभर एक बारीक पिवळी धूळ तरंगत असायची. कौलाच्या फटीतून उन्हाची तिरीप आली, की तिच्यात ती धूळ नाचताना दिसायची. मला ती फार सुंदर वाटायची. ती नाकात जाते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहाटे आईच्या केरसुणीची खसखस, मग गोठ्यात धारेचा आवाज, मग दगडी पाट्यावर वाटण. शुक्रवारी आंबेमोहराचा भात शिजला, की वास शेजारच्या तीन घरांत जायचा. ओढ्याच्या चिंबोऱ्या मिळाल्या तर त्यांचं कालवण व्हायचं आणि त्या दिवशी जेवताना कुणी कुणाशी बोलायचं नाही, नुसतं फोडायचं आणि चोखायचं. या सगळ्या आवाजांत आता वहिनीच्या शिंकांची भर पडली होती. सकाळी उठल्या उठल्या आठ-दहा, आणि दिवे लावून अंथरुणं पडली की पुन्हा तेवढ्याच.

नवलाची गोष्ट म्हणजे ती शेतात एकदाही शिंकायची नाही. आमच्याबरोबर वालाच्या शेंगा तोडायची, शेण उचलायची, ओझी वाहायची, सगळं करायची आणि नाक कोरडं ठणठणीत. आईनं यातून जो अर्थ काढायचा तो काढला. "शेतात शिंकत न्हाई, गोठ्यात शिंकत न्हाई. घरात शिंकती. म्हंजे माज्या घरालाच शिंकती की ही."

"आत्याबाई, मी काय मुद्दाम करतुया व्हय?" वहिनी म्हणाली आणि पुढचं वाक्य शिंकेत गेलं.

दादा तिला पौडच्या डॉक्टरांकडं घेऊन गेला. त्यांनी छातीला नळी लावली, झोप येणाऱ्या पिवळ्या गोळ्या दिल्या आणि सांगितलं, "धुळीचा त्रास आहे. घरातली धूळ कमी करा." बस, एवढंच. हे घरी येऊन सांगताना दादाचा आवाज बारीक झाला. आईनं भाकरी थापता थापता हात थांबवला. "माज्या घरात धूळ? मी रोज तीनदा केर काढती, आठवड्याला सारवती, आनि माज्या घरात धूळ? त्या डाक्टरला म्हनावं, ये हितं आनि दाव बोट ठेवून." मग कुणाकडंही न बघता ती म्हणाली, "शिमग्याला जाऊ दे हिला माहेरी. बरी झाली की बघू."

या 'बघू'चा अर्थ मला ठाऊक होता. आमच्या शेजारच्या ठकूकाकूची थोरली सून चार वर्षांपूर्वी अशीच 'बरी झाली की बघू' म्हणून माहेरी गेली होती. तिची वेणीफणीची पिशवी अजून ठकूकाकूच्या खुंटीला लटकत होती आणि काकू अजून बघतच होती. वहिनीनंही तो शब्द ऐकला. ती नुसती उठून परसात गेली आणि घासलेली भांडी पुन्हा घासू लागली.

तेव्हा मी ठरवलं की ही धूळ आता माझी आणि मी हिची. आज भुकूमच्या फ्लॅटमध्ये माझी सून एक गुरगुरणारं यंत्र घेऊन सोफ्याखाली शिरते, पडदे महिन्याला धुते आणि नातवाच्या शिंकांची डॉक्टरांकडं नोंद देते. तिला वाटतं मला यातलं काही कळत नाही. बाई गं, तुझ्या जन्माच्या कितीतरी आधी मी या क्षेत्रात उतरले होते, आणि पहिल्या आठवड्यात माणूस मारायच्या बेतात होते.

धूळ कमी करा म्हणजे काय करा हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. ते मी माझ्या अकलेनं भरून काढलं. आई तीनदा केर काढायची, तो मी सहादा काढू लागले, तोही कोरड्या केरसुणीनं, जोर लावून, भिंतीपासून भिंतीपर्यंत. उशा माजघरातच बडवल्या. पोती झटकली. वहिनी जितकी शिंकायची तितका मला चेव चढायचा, की पळतेय बघा धूळ! शेवटी एका दुपारी मी बांबूला खराटा बांधला आणि माळ्याखालच्या तुळया झाडायला घेतल्या. तिथं आबांच्या आजोबांपासूनची जळमटं होती. चुलीची काजळी, उंदरांनी कुरतडलेला पेंढा, मेलेली पाखरं असं सगळं एकदम खाली आलं. थोडं चिंबोऱ्यांच्या कालवणात पडलं, थोडं माझ्या तोंडात गेलं आणि उरलेलं वहिनीवर पडलं. ती खाली बसून तांदूळ निवडत होती.

तिच्या शिंका मी तेवीसपर्यंत मोजल्या. मग त्या थांबल्या आणि मी खुश झाले. वळून बघितलं तर ती पडवीच्या पायरीवर जाऊन बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, मान पुढं काढून. तिला श्वास आत घेता येत होता, बाहेर सोडता येत नव्हता. छातीतून शिट्टी वाजत होती, उकळत्या किटलीतून येते तशी. ओठ निळसर झाले होते. ती माझ्याकडं बघत होती, आणि त्या बघण्यात राग नव्हता, याचीच मला जास्त भीती वाटली. आई धावत आली, ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून तिची छाती शेकली, पाठ चोळली, कोमट पाणी पाजलं. तासाभरानं श्वास ताळ्यावर आला. आई घाबरली होती, आणि घाबरली की ती रागावल्यासारखी बोलायची. "हिचा जीव ह्या घरात ऱ्हायचा न्हाई. शिमगा बिमगा काय न्हाई. तिच्या बापाला निरोप धाडा, ऐतवारी येऊन घेऊन जावा म्हनावं." दादा खाली मान घालून निरोपाची चिठ्ठी लिहायला बसला. मला कुणी मारलं नाही, त्यामुळं मला रात्रभर झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी पौडचे गुलाबचाचा आले. ते पिंजारी होते. लग्नसराईत गावोगाव फिरून गाद्या-उशांचा कापूस पिंजून द्यायचे. त्यांची ती धनुष्यासारखी भलीमोठी धनुकली अंगणात टांगली, की 'धुंग-धुंग' आवाजानं सगळं गाव जमायचं. मी एका कोपऱ्यात तोंड पाडून, पण सवयीनं, एक उशी बडवत बसले होते.

"पोरी," चाचा म्हणाले, "आनि एक धपाटा घातलास तर मी शिंकीन, आनि माजी शिंक पौडला माज्या बायकूला ऐकू जाती."

मी थांबले. चाचांनी पिशवीतून फडकं काढलं, तांब्यात बुडवलं, पिळलं आणि नाका-तोंडाला बांधलं. मग बसायच्या जागेभोवती पाणी शिंपडलं. मी विचारलं हे कशाला. "चाळीस वर्सं कापूस पिंजतुया. ह्ये केलं नसतं तर कवाच मातीत गेलो असतो. धूळ मारल्यानं मरती व्हय? मारली की ती उठती, घरभर हिंडती आनि सांजच्याला आपल्याच अंथरुनात येऊन निजती. तिला आदी पानी पाजायचं, गप बशीवायचं, मग फडक्यानं उचलायचं."

आठवडाभर मी काय केलं ते मला त्या क्षणी एकदम दिसलं, आणि मी उशी हळूच खाली ठेवली. मग सगळं सांगून टाकलं. चाचांनी वहिनीला हाक मारली. "सूनबाई, कवा येती शिंक?"

"सकाळी उठल्याबरुबर, चाचा. आनि रातच्याला पांघरूण घेतलं की."

"तुजं पांघरूण आन बगू."

आम्ही दोघी आत गेलो आणि ओढत ओढत थोरली वाकळ बाहेर आणली. वाकळ म्हणजे जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक ठेवून, बारीक टाके घालून शिवलेलं पांघरूण. आमच्याकडं तशा पंधरा-सोळा होत्या, पण ही थोरली. आबांच्या आजीनं ती पहिल्यांदा शिवली, मग घरात येणाऱ्या प्रत्येक सुनेनं आपल्या सासूच्या लुगड्याचा एक थर वर चढवला. सगळ्यात वर माझ्या आजीचं हिरवं लुगडं होतं, आईनं घातलेलं. नव्या सुनेनं पहिलं वर्ष या वाकळेखाली झोपायचं, हा आमच्या घरचा मान. ती इतकी जड होती, की एकानं कूस बदलायची तर दुसऱ्याशी आधी बोलून घ्यावं लागत असणार. आईनं ती वहिनीच्या अंगावर स्वतःच्या हातानं घातली होती आणि तेव्हा तिचे डोळे भरले होते. नवरात्रात घट बसायच्या आधी बाकीच्या सगळ्या वाकळा नदीवर धुतल्या जात. थोरलीला तेवढं वगळायचं. ती भिजली तर उचलणार कोण? तिला वर्षातून एकदा ऊन दाखवायचं, काठीनं दोन फटके द्यायचे आणि आत.

चाचांनी ती खाटेवर पसरली आणि तळहातानं एक थाप दिली. उन्हात एवढा लोट उठला, की वहिनी चार पावलं मागं सरली आणि लगेच शिंकली. चाचांनी फडक्याआडून मान हलवली. "हिच्यात तुमच्या घरची समदी पिढी हाय की गं. साठ-सत्तर वर्सं कोन भाईर पडलेलं दिसत न्हाई. उकलल्याबिगर आनि धुतल्याबिगर ही धूळ जायची न्हाई." मग धनुकलीची ताणलेली तात ओढून बघत हळूच म्हणाले, "तुज्या आईला मी सांगनार न्हाई बरं का. मला ह्या गावात अजून लई वर्सं यायचं हाय."

आई शुक्रवारी भाचीच्या हळदीला लवळ्याला गेली, मुक्कामाला. शनिवारी दादा पिरंगुटच्या कारखान्यात पाळीवर आणि आबा वालाच्या राखणीला शेतात. रविवारी वहिनीचा बाप येणार. म्हणजे हातात एकच दिवस होता. मी वहिनीला म्हटलं, चल. ती म्हणाली, थोरलीच तेवढी धुऊ. पण माझी अक्कल अजून संपलेली नव्हती. मी म्हटलं, एकच धुतली तर आईचा सगळा राग त्या एकीवर येईल, सगळ्याच धुतल्या तर तो सोळा ठिकाणी वाटला जाईल. वहिनीनं माझ्याकडं निरखून बघितलं. "वन्सं, तुमी नववीत का नापास झाला ते आत्ता कळलं," ती म्हणाली आणि गाडीला बैल जुंपायला गेली.

नदीवर आम्ही काय मजा केली! मुळेचं पाणी माघात कमी असतं, पण खडकाजवळ मांडीएवढं. रिठ्याचं पाणी आणि साबणाची वडी घेऊन आम्ही एकेक वाकळ तुडवून काढली, पिळून खडकांवर पसरली. सगळे खडक लाल-हिरवे-निळे झाले. आबांची धोतरं आणि दादाची घोंगडीही लगे हात धुतली. शेवटी थोरलीला पाण्यात लोटली. ती आधी तरंगली, मग जनावरासारखी एक मोठा श्वास सोडून खाली बसली. आम्ही तिच्यावर नाचलो, काळं पाणी निघालं. पुन्हा नाचलो, पुन्हा काळं. वहिनी सकाळपासून एकदाही शिंकली नव्हती. दुपारच्या सुमाराला ती बैलांना पाणी पाजून चारून आणायला वरच्या डोहाकडं गेली आणि मी एकटी साबण लावत बसले. तेवढ्यात साबण माझ्या डोळ्यांत गेला. मी परकराला डोळे पुसत बसले आणि नाक ओढत राहिले.

वरच्या वाटेनं ठकूकाकू चालली होती. आमच्याकडं घरातलं झाडून सगळं अंथरूण-पांघरूण दोनच वेळेला नदीवर जातं. एक घट बसायच्या आधी, आणि दुसरं घरात माणूस गेलं की. महिना माघाचा. काकूनं नदीवर सोळा वाकळा बघितल्या, धोतरं बघितली, आणि मधोमध मला एकटीला डोळे पुसताना बघितलं. तिनं तिथूनच कपाळाला हात लावला. अशा वेळी विचारायचं नसतं, जी करायची ती धावपळ करायची असते. पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं नाही, पण इतक्या तोंडांनी इतक्या वेळा ऐकलंय, की आता पाहिल्यासारखंच झालंय.

ज्या घरात माणूस जातं तिथं चूल पेटवत नाहीत. म्हणून काकूनं घरी जाऊन आधी पिठलं टाकलं आणि चार घरी निरोप दिला. तासाभरात आमच्या पडवीत पंधरा माणसं माना खाली घालून बसली होती आणि कोपऱ्यात भाकऱ्यांच्या सहा दुरड्या झाकून ठेवल्या होत्या. आमच्या दाराला कडी. मग आबा शेतावरून आले. त्यांनी एवढी माणसं बघितली, वहाणा काढल्या आणि तेही गुपचूप शेवटच्या माणसाच्या शेजारी मान खाली घालून बसले. विचारणार कसं? आपल्यालाच ठाऊक नाही म्हणजे चूक आपलीच. बराच वेळ गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की पडवी आपली आहे. कुणीतरी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून "आबा, धीर धरा" म्हटलं. मग त्यांनी मनातल्या मनात घरातली माणसं मोजली. काल लवळ्याला गेलेली आई तेवढी डोळ्यांसमोर आली आणि ते ओक्साबोक्शी रडू लागले. "लई बोललो गं तुला चहावरनं!" असं ते म्हणाले म्हणतात. आबा शेवटपर्यंत ते नाकारत होते, ठकूकाकू शेवटपर्यंत शपथेवर सांगत होती.

तीनच्या एसटीनं आई उतरली. डोक्यावर हळदीच्या जेवणाचं गाठोडं. तिनं लांबून आपल्या दारात माणसं आणि झाकलेल्या दुरड्या बघितल्या, नवऱ्याला रडताना बघितलं, गाठोडं टाकलं आणि तिथंच रस्त्यात बसून तिनं हंबरडा फोडला. कोण गेलं हे नंतर विचारता येतं, आधी रडायचं असतं. तिला जिती बघून आबांनी रडणं आवरलं आणि डोळे पुसले. पंधरा माणसं एकदा आबांकडं, एकदा आईकडं बघू लागली. "मग कोन?" कुणीतरी हळूच विचारलं.

तेवढ्यात सायकल आली. वहिनीचा बाप. पुलावरून जाणाऱ्या दूधवाल्यानं नदीवरच्या वाकळा पाहिल्या होत्या आणि दूध घालता घालता ती बातमी कासारसाईला नेली होती. पोरीला श्वास लागतो अशी चिठ्ठी त्या माणसाच्या खिशात आधीच होती. त्यानं सायकल लावलीसुद्धा नाही, तशीच आडवी टाकली. "माजी इंदू कुटं हाय?"

कुणाला ठाऊक नव्हतं. सकाळपासून तिला कुणी पाहिलं नव्हतं. ठकूकाकूनं नदीवर मला एकटीलाच पाहिलं होतं.

आई उठली. सांगणारे सांगतात की तिच्यासारखी पळणारी बाई गावानं पुन्हा पाहिली नाही. अनवाणी, पदर मागं लोळतोय, आणि नदीपर्यंत एकच हाक, "इंदे! इंदे गं!" आणि तिच्या मागं अख्खी पडवी. मी पाण्यात उभी राहून बघत होते. मला वाटलं, वाकळा धुतल्या म्हणून एवढी फौज माझ्यावर चालून येतेय, आणि मी सरळ पाण्यात बसले, नाकापर्यंत. वहिनी डोहाकडून बैल घेऊन परत येत होती, हातात ओला कासरा, लुगडं गुडघ्याला खोचलेलं. आई तशीच पाण्यात शिरली आणि तिनं वहिनीला दोन्ही दंडांना धरलं, चेहरा चाचपला, छातीला कान लावला. मग म्हणाली, "शिंक गं माजे बाय. एकडाव शिंक, म्हंजे मला कळंल तू जिती हाईस."

"आत्याबाई, येतच न्हाई हो," वहिनी म्हणाली. "सकाळधरनं एकबी आली न्हाई."

आईनं तिला छातीशी धरलं आणि तिच्या खांद्यावरून तिची नजर पाण्यातल्या थोरल्या वाकळेवर पडली. मग माझ्यावर. मी नाक पाण्याखाली घेतलं. पण किती वेळ घेणार? वर आले आणि एका दमात सगळं सांगितलं, चाचांचं नाव तेवढं गाळून. थोरलीतून अजून काळं पाणी निघत होतं. आई ते बराच वेळ बघत राहिली. ते काळं पाणी तिनंच मायेनं सुनेच्या अंगावर घातलं होतं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. शेवटी ती वहिनीला म्हणाली, "विळा हाय का गं जवळ?" वहिनी म्हणाली, गाडीत आहे. आईनं तिथंच खडकावर बसून वाकळेच्या कडेचा टाका धरला, स्वतःच घातलेला, आणि कापला. मग दुसरा. हिरवं लुगडं सुटलं, त्याखालचं जांभळं सुटलं, त्याखाली कशाचा रंग कळेना. सात थर निघाले आणि सात बायकांनी सात ठिकाणी ते धुतले.

वहिनीचा बाप काठावर उभा होता. तो खाकरून म्हणाला, "मग विहीणबाई, चिठ्ठीपरमानं पोरीला उद्या नेऊ का?"

आईनं मान वर केली नाही. "पाव्हणं, ह्या समद्या वाकळा वल्या हायेत. त्या वाळायला आठ दिस लागतील, शिवायला म्हैना. तिच्याबिगर कोन करनार? तुमी येत जावा की हितंच." मग तिला दुरड्यांची आठवण झाली. "आनि भाकऱ्या कुनी आनल्यात? कोन मेलं न्हाई म्हनून टाकून देनार का?" दुरड्या नदीवर आल्या. दुखवट्याचं पिठलं-भाकरी आणि हळदीच्या जेवणातले लाडू, असं जेवण मी आयुष्यात एकदाच जेवले, आणि आईनं मारलेल्या दोन धपाट्यांमुळं पाठ गरम असतानाही ते गोड लागलं.

सात थरांच्या तीन पातळ वाकळा झाल्या, महिन्याला धुता येतील अशा. पेंढा माळ्यावरून गोठ्यात गेला. केरसुणीआधी पाणी शिंपडायचं आणि मग ओलं फडकं फिरवायचं, हे आईनं स्वतः शोधून काढल्यासारखं गावभर शिकवलं. गुलाबचाचा ते ऐकून नुसते मिशीत हसायचे. वहिनीचा त्रास पार गेला असं म्हणणार नाही, भात झोडायच्या दिवसांत ती नाकाला फडकं बांधायची. पण ती शिट्टी पुन्हा वाजली नाही. शिमग्यानंतर मी सायकल शिकले. त्याची खूण माझ्या डाव्या गुडघ्यावर आहे. नातवाला ती दाखवून मी सांगते, की धुळीपेक्षा तुझी आजी जास्त धोक्याची होती.

राहिले आबा. शिंका थांबल्या आणि त्यांचा वरचा चहा बुडाला. ते उंबऱ्यात वहाणा घालायचे, पट्टा घट्ट करायचे, सैल करायचे, आत कान लावायचे. घरात सगळं शांत. मग एके सकाळी, मला पक्कं आठवतं, वहिनी भाकरीचं पीठ मळत होती. तिनं उंबऱ्यातली ती पाठ बघितली, माझ्याकडं बघून डोळा मिचकावला आणि पिठाच्या हातानं नाकाशी पदर धरून जोरात म्हणाली, "आक् छी!"

आबा झर्रकन वळले. वहाणा निघाल्या.

"खोटी हाय ती," आई चुलीपुढून म्हणाली, आणि आधण ठेवलं.